पांढरे ठिपके

लॅबमध्ये एकाच रीडिंगवरून ग्राफ काढला, तर सर जर्नल परत करतात. घरी मात्र एका एक्स-रेवरून आम्ही आठ दिवस धड जेवलो नव्हतो.

गेल्या दिवाळीत आई जिन्यावरून घसरली. हाड मोडलं नाही, पण एक्स-रेत खुब्याच्या सांध्यांभोवती पांढरे ठिपके दिसले. मी कॉन्व्हेंटवाली, म्हणून घरातले इंग्रजी कागद वाचायचं काम माझं. रिपोर्टमध्ये होतं, ‘मल्टिपल स्क्लेरॉटिक लिजन्स, रूल आऊट मेटास्टेसिस.’ मेटास्टेसिस म्हणजे पसरलेला कॅन्सर. ‘रूल आऊट’ म्हणजे तो नाही ना, हे तपासा. आहेच असं नव्हे. मी समजावलं, पण ‘कॅन्सर’च्या पुढचं कुणी ऐकेना. मावशी राहायला आली, बाबांनी एफडी मोडायचं ठरवलं आणि आईने मला पुरणपोळी शिकवायला घेतली. आत्ताच का, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी हातांचे आणि गुडघ्यांचेही एक्स-रे काढले. तिथेही तेच ठिपके, सांध्यांजवळ, डावी-उजवीकडे जवळपास सारखे. कॅन्सर सहसा असा दोन्हीकडे मोजूनमापून बसत नाही. मणका, बरगड्या अशा ठिकाणी तो वेडावाकडा पसरतो. मग बोन स्कॅन केला. त्यात शिरेतून थोडं किरणोत्सर्गी औषध देतात. जिथे हाडाची घडामोड जोरात चालू असेल, तिथे ते जास्त साठतं. आईचा स्कॅन नॉर्मल आला.

या प्रकाराचं नाव ऑस्टिओपोइकिलोसिस. हॅम्बुर्गच्या अल्बर्स-शोनबर्ग यांनी १९१५ मध्ये त्याचं वर्णन केलं. एलईएमडी३ या जीनमधल्या बदलामुळे तो होतो, हे २००४ मध्ये कळलं. साधारण ५० हजारांत एकाला असतो, असा अंदाज आहे. त्यावर उपचार नाहीत, कारण सहसा त्रासच नसतो.

आई किंवा वडील, कुणा एकाकडून तो जीन आला तरी पुरतो. म्हणजे माझ्या हाडांतही ठिपके असण्याची शक्यता ५० टक्के. मी मुद्दाम तपासलेलं नाही, तपासून काही बदलणारही नाही. पण उद्या बास्केटबॉल खेळताना पडले, तर एक्स-रेच्या आधीच आईचं निदान सांगेन. मित्रांनो, घरातले जुने रिपोर्ट रद्दीत टाकू नका. आमचा रेशनकार्डाच्या फाइलमध्ये आहे, आणि त्याची एक झेरॉक्स माझ्या हॉस्टेलच्या कपाटात.