आधी वाकडे, मग सरळ

खालचा जबडा पुढे आलेल्या माणसाला लहानपणापासून एक सवय जडते. फोटो काढताना त्याचा हात आपोआप हनुवटीकडे जातो आणि हसू ओठांतच विरते. अशाच एका सव्वीस वर्षांच्या तरुणीने शस्त्रक्रियेचा विचार बोलून दाखवला, तेव्हा तिची आई मला म्हणाली, "फादर, देवानं दिलेला चेहरा बदलायचा, ही निव्वळ हौस नव्हे का?" मुलगी शांतपणे उत्तरली, "फादर, मला अख्खा पेरू चावता येत नाही. पुढचे दात एकमेकांना भेटतच नाहीत." हौस आणि गरज यांतील सीमारेषा मला त्या उत्तरात स्पष्ट दिसली.

हा दोष राजवाड्यांनाही चुकला नाही. युरोपातील हाब्सबर्ग घराण्यात तो पिढ्यान्‌पिढ्या उतरला. स्पेनचा राजा दुसरा चार्ल्स (१६६१-१७००) याला अन्न नीट चावता येत नसे. पदरी वैद्य होते, पण उपाय नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्यास ऑस्ट्रियात जन्मलेल्या ह्यूगो ओब्वेगेसर या शल्यविशारदांनी तोंडाच्या आतूनच जबड्याचे हाड दुभंगून सरकवण्याची पद्धत विकसित केली. त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही.

परंतु केवळ हाड सरकवून भागत नाही. वाढीच्या वयात दात जबड्याचा दोष सांभाळून घेतात. खालचे दात आत कलतात, वरचे बाहेर झुकतात आणि मूळचे अंतर काही अंशी झाकले जाते. म्हणून प्रथम तारा लावून हे कललेले दात आपापल्या हाडावर सरळ उभे करावे लागतात. याला बहुधा वर्ष-दीड वर्ष लागते. या काळात झाकलेले अंतर उघडे पडते आणि जबडा पूर्वीपेक्षाही पुढे आलेला भासतो. त्यानंतर शस्त्रक्रिया होते. हाडे नव्या जागी टायटॅनियमच्या बारीक पट्ट्यांनी व स्क्रूंनी बसवतात आणि पुढे आणखी काही महिने तारा राहतात.

जबड्याची वाढ पुरी थांबल्यावाचून ही शस्त्रक्रिया सहसा करीत नाहीत. नाही तर तो पुन्हा पुढे येऊ शकतो. धोकेही आहेत. खालचा ओठ व हनुवटी काही काळ बधिर राहते, काहींच्या बाबतीत थोडा बधिरपणा कायमही राहतो. हे सारे समजून घेऊन होकार द्यायचा तो त्या सज्ञान व्यक्तीनेच.

घरच्यांचे काम वेगळे आहे. शस्त्रक्रियेचा दिवस सर्वांच्या लक्षात असतो. नातलग येतात, प्रार्थना होते. खरी कसोटी मात्र त्याआधीच्या त्या लांबलचक वर्षात असते. तेव्हा आरसा रोज निराश करतो आणि उपचार अर्धवट सोडावासा वाटतो. अशा वेळी "हे काय करून घेतलंस?" हा प्रश्न ओठांवर आला, तरी तो गिळावा. दोष उघडा पडणे ही या उपचाराची पहिली पायरी आहे, एवढे घरातल्या एकाने जरी ध्यानात ठेवले, तरी त्या माणसाला पुढची वाट चालता येईल.