बक्षिसी वाघाची का माणसाची?

कापूस वेचणी आटोपली की आपल्याकडचे बरेच जण ताडोबाला जातात. मोहर्ली, कोलारा गेटवरचे गाईड म्हणजे जंगलालगतच्या गावातलीच पोरं. रानडुकराचा त्रास त्यांच्याही धुऱ्यावर आहेच. गाईडची फी ठरलेली असते, बक्षिसी आपल्या खुशीची. पण वाघ दिसला तर पाचशे, नाही तर हात खिशातच, हे बरं नाही. वाघ काय त्याच्या दावणीला बांधलाय? पावसानं दगा दिला म्हणून निंदणाऱ्या बाईची मजुरी आपण कापतो का? अशा बक्षिसीपायीच जिप्सी वाघाच्या अंगावर घालायची घाई होते. त्यानं ठसे दाखवले, सांबराचा आवाज ओळखून दिला, गाडी लांब थांबवली, त्याचे द्या. गाईड अन् ड्रायव्हरला वेगवेगळे, सफारी संपल्यावर.