बाईंची वही

त्या बाईंना मराठीचा एक शब्द येत नव्हता, आणि माझ्या लेकीला मराठी बोलायला त्यांनीच लावलं.

आम्ही खानापूर तालुक्यातले, गलाईवाले. आमच्या भागातली निम्मी गावं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलेली. आमची भट्टी चेन्नईत, सौकारपेठेत. खाली दुकान, वर दोन खोल्या. भट्टीचा ब्लोअर सुरू झाला की भिंत थरथरायची, आणि पोर ढाराढूर झोपलेली. केवढी गुणाची म्हणून सगळ्या पेठेनं तिचं कौतुक केलं. सहाव्या महिन्यात माझ्या हातातलं पातेलं तिच्या मागेच पडलं, तरी तिनं मान वळवली नाही. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं, वर्षाची होऊ द्या, मग बघू. सासूबाई म्हणाल्या, हिचा बापही उशिराच बोलला.

माझे मालक ऐकेनात, म्हणून कानांची बेरा तपासणी झाली. त्यासाठी पोर गाढ झोपलेली लागते. रात्रभर जागवून नेली, तिथं औषध पाजलं, डोक्याला तारा चिकटवल्या. दोन्ही कानांना सत्तर डेसिबलच्या आसपास दोष निघाला. साधं बोलणं असतं साठाच्या आतबाहेर, म्हणजे आम्ही इतके महिने जे बोललो ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. “आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं,” म्हणाल्या. घराणं तर तिचं-माझं एकच! तपासणाऱ्या मॅडमनी समजावलं की नात्यातल्या लग्नात लपलेला दोष दोन्हीकडून येऊन एकत्र पडू शकतो, त्यात कुणा एकीचा गुन्हा नसतो. आत्याला ते पटलं की नाही, देव जाणे.

श्रवणयंत्राआधी कानाचा साचा. कानात दोरा बांधलेला कापसाचा बोळा सरकवायचा, वरून पिचकारीनं गुलाबी लगदा भरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत पोर मांडीत आवळून धरायची. बाळाचा कान वाढतो, साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारायला लागतं, की पुन्हा नवा साचा. पहिल्यांदा यंत्र लावलं तेव्हा मोबाइलवरच्या व्हिडिओत दिसतं तसं काही घडलं नाही. ती हसली नाही, दचकलीही नाही. जरा वेळ गप्प बसली, मग यंत्र ओढून तोंडात घातलं.

मग बाई भेटल्या. मूकबधिर मुलांना शिकवण्यात जन्म गेलेल्या, अड्यारला राहणाऱ्या. त्याच भागात ‘बाल विद्यालय’ नावाची लहान कर्णबधिर मुलांची शाळा १९६९ पासून चालते. तिथं आईला मुलाजवळ वर्गात बसावं लागतं. बाईंचाही तोच खाक्या. पोरीला एक तास शिकवून काय होणार, उरलेला दिवस तिच्याजवळ तू आहेस, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सुनावलं.

मी मुलखाची अबोल. त्यात परका मुलूख, माझं तमिळ भाजीबाजारापुरतं. पोरीशी इंग्रजीत बोल, पुढं शाळेत बरं पडेल, असा सल्ला ज्यानं त्यानं दिलेला. मी विचारलं तर बाई म्हणाल्या, “घरात भांडता कुठल्या भाषेत? त्याच भाषेत बोला.” आणि बोलायचं ते सतत. कांदा चिरताना कांद्याबद्दल, फरशी पुसताना फरशीबद्दल, पोर उत्तर देवो न देवो. भिंतीशी बोलावं तसं वाटायचं. मला लाज वाटायची. बाई समोर बसवून माझ्याकडून करून घ्यायच्या.

त्यांच्याजवळ एक वही होती. मी सांगेन तो मराठी शब्द त्या तमिळ अक्षरांत उतरवायच्या आणि पुढच्या वेळी त्यावरून पोरीची उजळणी. बाई ‘बाकरी’ म्हणायच्या, म्हणून पोरही कितीतरी दिवस बाकरीच मागायची. आत्यानं ते गावभर सांगितलं, हसून आणि कौतुकानंच.

रोज सकाळी लिंगचे सहा आवाज म्हणायचे: आ, ई, ऊ, म, श, स. डॅनियल लिंग नावाच्या शिक्षकानं ठरवलेले. या सहांत बोलण्यातले खालपासून वरपर्यंतचे सूर येतात, आणि यंत्र नीट चालतंय का ते कळतं. ओठ तिला दिसू द्यायचे नाहीत. ‘आ’ला ती लवकर वळायला लागली, ‘स’नं मात्र फार रडवलं. जेव्हा वळली तेव्हा बाईंनी मला मिठी वगैरे मारली नाही. म्हणाल्या, आता जरा लांबून म्हण.

शेजारच्या मामींचंही देणं आहे. चेन्नईच्या दमट हवेत आणि घामात यंत्राच्या नळीत पाणी धरतं. रात्री ते सिलिका जेलच्या डब्यात ठेवावं लागतं. निळे दाणे ओल पिऊन गुलाबी झाले की मामी ते आपल्या तव्यावर हलक्या आचेवर परतून पुन्हा निळे करून द्यायच्या. त्या तव्यावर मग डोसा घालत नसत, तवाच वेगळा काढून ठेवलेला.

बाईंनी पैसे घेतले ते नावाला. लेक शाळेत लागली तेव्हा आम्ही सोन्याची नथ घेऊन गेलो, आमच्याच भट्टीतल्या सोन्याची. घेतली नाही. म्हणाल्या, त्या पैशांत दुसऱ्या एका पोराच्या कानाचे साचे होतील. ते आम्ही केले, अजून करतो. त्यानं फिटतं असं नाही. लेक आता सातवीत आहे आणि घरात सगळ्यांत जास्त तीच बोलते.

तुमच्या घरात बाळ जन्मलं असेल तर दवाखान्यातून निघण्याआधी कानांची ओएई तपासणी मागून घ्या. बाळ झोपेत असताना काही मिनिटांत होते, दुखत नाही. त्यात शंका आली तर तिसऱ्या महिन्याच्या आत पक्कं निदान आणि सहाव्याच्या आत उपचार सुरू, असं जगभरचे तज्ज्ञ सांगतात. बापही उशिरा बोलला होता असं कुणी म्हणालं, तर त्यांना चहा द्या आणि तुम्ही तपासणीला जा.