‘जॉब’ शब्दाचें कूळ

कोणा तरुणाची चौकशी करावयाची झाली, तर हल्लीं ‘नोकरी कोठें करतो?’ असें न विचारतां ‘जॉब कोठें आहे?’ असें विचारतात. जुना शब्द गांवढळ ठरला, नवा प्रतिष्ठित. आम्हांस याचें नवल वाटतें. कारण इंग्रजींत या शब्दाला कुलीनपणा असा कधींच नव्हता. सोळाव्या शतकाच्या मध्यास तो प्रथम दिसतो, तेव्हां त्याचा अर्थ कामाचा एक तुकडा, एवढाच. ‘गॉब’ म्हणजे गोळा, त्याचेंच हें रूपांतर असावें, असा एक तर्क आहे. ठाम कोणीच बोलत नाहीं. डॉ. जॉन्सननें १७५५ च्या आपल्या कोशांत त्याला हलका शब्द म्हणून, त्याची व्युत्पत्ति आपणांस सांगतां येत नाहीं, असें सरळ लिहून टाकलें. (कोशकारांत हा प्रांजळपणा विरळा!)

पुढें त्यास आणखी डाग लागले. अधिकाराच्या जागेवर बसून स्वतःची तुंबडी भरणें, याला इंग्रज ‘जॉबरी’ म्हणूं लागले. मुंबईच्या कापडगिरण्यांतला जॉबर तर आमच्या वृद्ध वाचकांस आठवत असेल. कामावर देखरेख त्याची, माणसांची भरती त्याची, आणि तिजबद्दलची दस्तुरीहि त्याचीच. भरतीचा अधिकार त्याजकडे ठेवूं नये, असें व्हिटले कमिशननें १९३१ सालीं सुचविलें होतें.

उलट ‘नोकर’ हा शब्द फारसींतून आपल्याकडे आला, पण मूळचा तो मंगोल. अर्थ सोबती, सरदाराचा साथीदार. त्यांत चाकरी असेल, परंतु नातेंहि होतें. ‘जॉब’मध्यें माणूसच नाहीं, आहे तो केवळ तुकडा.

आमचा एक विद्यार्थी पहिल्या वर्गांत एम. ए. झाला. सहा वर्षें तो एका महाविद्यालयांत तासिका-तत्त्वावर शिकवीत आहे. जितके तास, तितके पैसे; सुटी कोरडी; जून उजाडला कीं पुन्हां अर्ज. परवां त्याचें लग्न जुळत आलें, आणि मुलीच्या वडिलांनीं मुलाविषयीं आम्हांस पत्रानें विचारलें. उत्तरांत आम्ही ‘नोकरी’ असें लिहिलें, आणि खोडलें. मग ‘जॉब’ लिहिलें. व्युत्पत्तीच्या दृष्टीनें हाच शब्द खरा. परंतु त्या गृहस्थांस तोच अधिक भारदस्त वाटेल, हेंहि आम्हांस पक्कें ठाऊक आहे. पत्र अद्यापि टाकलेलें नाहीं.