प्रश्नांचा राब

वर्गात ‘काही शंका?’ असे विचारल्यावर जी शांतता पसरते, तिचा अर्थ ‘सर्व समजले’ असा करून घेणे शिक्षकास सोयीचे असते. परंतु राजुरास भोवतालच्या वाड्यांतून येणारी पुष्कळ मुले घराण्यात प्रथमच पदवीच्या वर्गात बसलेली असतात. ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी कचेरीत आणि दवाखान्यात हात जोडून केवळ उत्तरेच ऐकली, त्यांस प्रश्न विचारणे हा आपला अधिकार आहे असे सहसा वाटत नाही.

अमेरिकेतील लॉरेन्स या गिरण्यांच्या शहरी १९८० नंतरच्या दशकात हाच अनुभव आला. गरीब पालक शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेता ‘काय विचारावे हेच कळत नाही’ असे ते म्हणाले. त्यातून निघालेली रीत रॉथस्टाइन व सँटाना यांनी २०११ साली ग्रंथरूपाने मांडली. तिचे नियम चारच : सुचतील तितके प्रश्न विचारावेत, मध्येच उत्तर, चर्चा वा निवाडा करू नये, प्रश्न उच्चारला तसाच लिहावा, विधान सुचल्यास त्याचा प्रश्न करावा.

आम्ही फळ्यावर एकच वाक्य लिहिले : ‘भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले.’ आरंभी परीक्षेच्या वळणाचे प्रश्न आले. उंची किती? विल्सन कोण? मग मागल्या बाकावरून एका मुलीने हळूच विचारले, “पाण्याखाली कोणाची शेते गेली?” त्यासरशी सर्वांची भीड मोडली. हे पाणी खाली कोणाच्या उसास जाते? दगड वाहणाऱ्यांची नावे कोठे लिहिली आहेत काय? एवढा पाऊस पडून चैत्रात आईच्या डोक्यावर हंडा का? घटकाभरात फळा भरला. या वेळी शिक्षकाचे कठीण काम एकच, गप्प बसण्याचे. एका प्रश्नास ‘शाबास’ म्हटले की शेजारचा प्रश्न ओठांतच विरतो.

यापुढे निवड. भात पिकविणाऱ्यांच्या मुलांस ती समजावून द्यावी लागत नाही : राबात रोप दाट उगवू द्यावे, आवणी मागाहून करावी. उंचीचा प्रश्न एका आकड्याने मिटतो. हंड्याचा प्रश्न मात्र पाऊस, उतार, कातळ, कालवे आणि कायदा यांचा अभ्यास मागतो.

अशाने अभ्यासक्रम उरकत नाही, असा आक्षेप आहे. याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नव्हत्या. नातवाच्या आजारपणावरून घरच्या अन्नाविषयी आलेली शंका त्यांनी सोडली नाही, गावठी बियाणे जपले. २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. एका शंकेचे एवढे पीक येत असेल, तर तिला एक तास देणे महाग नव्हे.

उद्या हीच मुले वनहक्काचा कागद घेऊन एखाद्या खिडकीशी उभी राहतील. ‘पुढल्या महिन्यात या’ हे ऐकून मुकाट्याने न परतता त्यांनी ‘कोणत्या नियमाने?’ एवढे विचारले, तरी आमच्या तासाचे चीज झाले.