विजापूरची अक्षरांची खिडकी

विजापूरला (कागदोपत्री २०१४पासून विजयपुरा) जाणारे बहुतेक जण गोलघुमटात आरोळी ठोकतात, प्रतिध्वनी ऐकतात आणि सोलापूरचा रस्ता धरतात. माझं ऐका, तासभर काढा आणि शहराच्या पश्चिमेला इब्राहिम रोजा गाठा. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर मकबरा आणि मशीद. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची (राज्यकाळ १५८० ते १६२७) कबर इथलीच. पण बघायची ती अक्षरं.

इस्लामी कॅलिग्राफी म्हणजे नुसतं सुंदर हस्ताक्षर नाही, चक्क गणित आहे! कलम म्हणजे आपला बोरूच, टोक तिरकं कापलेला. तो टेकवला की पत्त्यातल्या चौकटसारखा ठिपका उमटतो. अलिफ इतके ठिपके उंच, बाकीची अक्षरं त्याच्या हिशेबात. हे शास्त्र दहाव्या शतकातल्या बगदादच्या इब्न मुक्ला या वजिराच्या नावे सांगतात. राजकारणात बिचाऱ्याचा उजवा हातच तोडला गेला. पुढे शैली फुलल्या. कूफी कोनदार, सुलुस उंच नि दिमाखदार, आणि नस्तालीक तिरकी उतरत जाणारी, उर्दू पेपरात दिसते ती.

इब्राहिम स्वतः कलंदर. दखनीत ‘किताब-ए-नवरस’ लिहिली, त्यात सरस्वतीला वंदन केलं. तिची प्रत १६१७ मध्ये खलीलुल्लाह या इराणी खुशनवीसानं सादर केली, तेव्हा त्याला ‘पादशाह-ए-कलम’ किताब मिळाला. हस्ताक्षरासाठी! आपल्या अप्रेझलमध्ये असा कॉलम नाही.

मकबऱ्याच्या खिडक्यांवरच्या कमानी बघून मी गप्प झाले. तिथं दगडी जाळीच अक्षरांची आहे. एकमेकांत गुंतलेल्या अरबी ओळी आणि मधल्या फटींतून आत येणारा उजेड. कागदावर शाई टाकतात, इथं दगड कोरून काढलाय. एक चूक झाली असती तर खोडायचं कशानं?

मला त्यातलं एक अक्षर वाचता येईना. शेजारी एक वयस्कर चाचा नातवाला बोट दाखवून ‘अलिफ... लाम...’ करत होते. मी विचारलं, ‘‘चाचा, क्या लिखा है?’’ ते हसले. ‘‘पढ लेता हूँ बेटी, हर लफ्ज का मतलब नहीं मालूम.’’ मला आजीचं संस्कृत स्तोत्र आठवलं. तिलाही अर्थ विचारायची सोय नव्हती.

बाहेर कडक ऊन असताना जा. आत अंधारात डोळे स्थिरावू द्या, मग वर बघा.