घोटा सरळ, तर सगळं सरळ

मित्रांनो, हसू नका! मी वयाच्या एकविसाव्या वर्षी स्केटिंग शिकलो. रात्री साडेदहाला बास्केटबॉल कोर्टवर जो खडखडाट व्हायचा आणि ज्याची दोनदा वॉर्डन सरांकडे तक्रार गेली, ते भूत नव्हतं, मीच होतो.

माझं गाव येलदरी, जिंतूर तालुका, जिल्हा परभणी. पूर्णा नदीवरचं धरण आणि त्याच्या पायथ्याचं साडेबावीस मेगावॅटचं जलविद्युत केंद्र ही आमची ओळख. टीव्हीवर हिवाळी ऑलिंपिकमधलं फिगर स्केटिंग पाहून मला लहानपणीच वेड लागलं होतं. पण येलदरीत बर्फ दिसायचा तो फक्त गोळ्याच्या गाडीवर! मग बर्फावर नाही तर चाकांवर, असं ठरवलं. चाकांवरचं फिगर स्केटिंग ज्यावर करतात त्या स्केटला क्वाड म्हणतात. पुढे दोन चाकं, मागे दोन, उंच घोट्याचा बूट आणि पुढे रबरी ब्रेक. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने १८६३ साली अशा स्केटचं पेटंट घेतलं. चाकांच्या जोडीवर रबराची गादी असते, त्यामुळे पाय ज्या बाजूला कलवाल तिकडे स्केट वळतो.

मेसच्या रिबेटचे सातशे रुपये हातात होते. तेवढ्यात पट्ट्यांनी आपल्याच बुटावर बांधायचे, लहान-मोठे होणारे स्केट मिळाले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'एबेक ७ बेअरिंग' लिहिलेलं. मेकॅनिकलचा माणूस, लगेच भाळलो. तिसऱ्याच दिवशी पडलो आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये. त्या टर्मची जर्नल्स रूममेटने लिहिली. (सर, हे वाचत असाल तर माफी असावी.)

दिवाळीला घरी गेलो. बाबांनी सगळी नोकरी टर्बाइनजवळ काढलेली आणि त्याच वर्षी रिटायर झालेले. पैसे उडवले म्हणून बोलणी बसणार हे नक्की होतं. बाबांनी स्केटचं चाक फिरवून कान लावला, मग म्हणाले, "बांध अन् उभा राह."

उभा राहिलो.

"घोटा आत पडायलाय बघ. शाफ्टच वाकडा, तर बेअरिंग भारी घेऊन काय उपयोग?"

चार वाक्यांत व्हायवा संपला. एबेक म्हणजे बेअरिंग किती अचूक मापात बनवलंय त्याची श्रेणी. ताशी १५ किलोमीटरने गेलो तरी ६२ मिलिमीटरचं चाक मिनिटाला जेमतेम १२८० फेरे घेतं. तेवढ्याला साधं ६०८ बेअरिंग पुरतं. आपल्यासारख्या हौशी माणसाने पैसा घालायचा तो बुटात.

म्हणून ज्यांना माझ्यासारखी उशिरा हौस येईल त्यांच्यासाठी सांगतो. पाऊल कागदावर ठेवून सेंटिमीटरमध्ये मोजा, चपलेच्या नंबरावर जाऊ नका. बूट संध्याकाळी घालून बघा, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, आणि गुडघे वाकवले तरी टाच उचलली जाऊ नये. घोट्याजवळचा भाग हाताने सहज दुमडला तर तो बूट ठेवून द्या. कॉलेजच्या खडबडीत रस्त्यासाठी चाक मऊ हवं, ७८ए ते ८५ए. कडक चाक गुळगुळीत फरशीवर बरं. बर्फावरच्या फिगर स्केटलाही हाच नियम. स्वस्त जोडीत आधी बूट ढिला पडतो, पात्याला नंतर धार लावता येते. वापरलेली जोडी घेतली तरी चालेल, चाकं बदलता येतात.

निघताना बाबांनी पंधराशे रुपये काढून दिले. रिटायर माणसाचे पंधराशे! घ्यायला हात पुढे होईना. "घे. पण हेल्मेट अन् मनगटाचे गार्ड आधी, चाकं मग."

शहरातल्या एका सिनिअरची वापरलेली, पण कडक बुटांची जोडी घेतली. गार्डही त्यातच बसले. पुढच्या दिवाळीला घरासमोरच्या रस्त्यावर हळूहळू एक गोल पूर्ण केला. बाबा खुर्ची टाकून बसले होते. शेजारपाजारचे माझ्या तोंडाकडे बघून हसत होते. बाबा मात्र माझ्या घोट्याकडे बघत होते.

"आता सरळ आहे," ते म्हणाले.